हातचा एक

टिपण एका पानात बसलं पाहिजे, असा दंडक आहे.
बत्तीस वर्षं मी विधानभवनाच्या तळघरात
कायद्यांच्या किमती लिहिते.
खिडकी नाही. वाफेचा पाइप आहे,
जानेवारीत तो कण्हतो.

या खेपेचं विधेयक साडेचार ओळींचं:
गाडीला पुढची नंबरप्लेट नको, मागची पुरे.
मांडणारे सिनेटर हॅल्वर्सन. त्यांची जुनी, लाल, बसकी गाडी;
तिच्या नाकाला भोक पाडताना
मेकॅनिकचाच हात थरथरला म्हणे.

आधी बचत.
पत्रा, चकाकीचा थर, शाई, पाकीट, टपाल:
गाडीमागे दोन डॉलर एक्केचाळीस सेंट,
गुणिले एकोणीस लाख गाड्या.
पंचेचाळीस लाख एकोणऐंशी हजार.
गोंडस आकडा. न्हाऊमाखू घातल्यासारखा.
त्याखाली दुहेरी रेघ मारायला हात शिवशिवला,
पण मी पेन्सिलला टोक काढत बसले.

प्लेटा तुरुंगात बनतात.
तिथला पर्यवेक्षक फोनवर म्हणाला,
दोन पाळ्या आहेत, एक राहील.
दुसऱ्या पाळीत ओडेल प्रुइट आहे, अकरा वर्षं त्याच प्रेसवर,
ज्या रस्त्यांवर तो जाणार नाही
त्यांच्यासाठी आकडे उठवत.
तासाला अठ्ठावन्न सेंट.
मुलीशी रविवारी बोलायचं तर मिनिटाला एकवीस.
भागाकार मी केला.
कोणत्या रकान्यात लिहू ते विचारलं नाही,
कारण उत्तर ठाऊक होतं.

मग पूल.
टोलचे कॅमेरे गाडीच्या तोंडाकडे बघतात,
त्यांच्या माना फिरवाव्या लागतील:
चौदा खांब, प्रत्येकी नऊ हजार.
हे लिहिता येतं. लिहिलं.

नदीपलीकडच्या राज्यात हा कायदा आधीच झालाय.
तिथे भोकं बुजवायची बुचं मिळतात, जोडी सहा डॉलरला,
बंपरच्या रंगाची हवीत तर आठ.
विक्रीकर धरला. तोही बचतीच्या बाजूला,
बापडा.

आणि व्हर्ना टिबेट्सचं पत्र.
ती सीमेवरच्या शाळेची बस चालवते, क्रमांक सतरा.
लिहिते: बस उभी, दिवे लाल, थांबा-पाटी बाहेर.
समोरून करडी गाडी आली ती आलीच.
आमच्या कॅमेऱ्यानं तिचा चेहरा टिपला:
दोन दिवे, एक जाळी, दोन बुचं.
पुढं धूळ होती, नाहीतर पाठ तरी वाचली असती.
पोरगा वाचला.
डबा आणि डावा बूट नाही.

दंड अडीचशे डॉलर, वसूल शून्य.
एवढंच माझ्या हाती लागलं त्या पत्रातून,
एक शून्य.

आपण म्हणतो, अमका पाठ दाखवून पळाला.
आता पळणाऱ्याचीच काय ती नोंद राहील,
चालून येणारा निनावी.
हे वाक्य मी टिपणात घातलं, मग खोडलं.
आमच्यात अलंकार चालत नाहीत.

लहानपणी बेरजेत मी हातचा विसरायचे.
मिस ऊल्गा फळ्यावर खडू आपटायच्या:
डोरीन, तो एक कुठं ठेवलास?
मनात ठेवला, बाई.
मनातला धरत नाहीत. वर लिही.

समितीनं सात मिनिटं घेतली.
त्यातली दोन कॉफीच्या यंत्राबद्दल.
माझ्या पानावर शिक्का पडला:
निव्वळ परिणाम, अनुकूल.
हॅल्वर्सन जाताना म्हणाले, चोख काम,
आणि खरंच, एक सेंटही इकडचा तिकडं नव्हता.

बाहेर अंधार पडलेला, सगळ्या गाड्या बर्फाखाली सारख्याच.
मी माझी शोधली.
काच खरवडली, आरसे खरवडले.
मग गुडघे दुखत असताना खाली वाकून
पुढच्या प्लेटवरचा बर्फ हातमोज्यानं पुसला,
एकेक अक्षर मोकळं होईपर्यंत.
एक जुलैपर्यंत ती कायदेशीर आहे.